खालच्या फळीवरचं काडतूस

म्हाताऱ्या सुलो किवेलानं बनवलेलं एक काडतूस माझ्या गल्ल्याच्या ड्रॉवरात पडून आहे. ते मी विकणार नाही, कुणाला देणार नाही आणि उडवू तर मुळीच देणार नाही. ड्रॉवर उघडला की ते गडगडत पुढे येतं, आणि दर वेळी मी ते मागे ढकलते. टाकून का देत नाहीस, असं लोक विचारतात. काय सांगायचं त्यांना?

गल्ल्याच्या मागे आमच्या दुकानात काडतुसांची भिंत आहे. डोळ्यांसमोरची फळी खपणाऱ्या मालाची. खप घटला की तो माल एक फळी खाली उतरतो, मग आणखी एक, आणि शेवटी उंदरांच्या सापळ्यांशेजारी जमिनीलगत जाऊन बसतो. तिथून पुढे कंपनीच तो बनवायचं बंद करते. वडील दुकान चालवायचे तेव्हा वरच्या फळीवर थर्टी-थर्टी जातीचं काडतूस असायचं, शेजारी थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन आणि थ्री-हंड्रेड सॅव्हेज. युद्धावरून परतलेल्या पोरांनी थर्टी-ऑट-सिक्सचा हट्ट धरला आणि त्यानं अर्धी फळी अडवली. मग थ्री-ओ-एट आलं आणि त्यानं बिचाऱ्या सॅव्हेजला पार खाली ढकललं. आता सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोरचे दिवस आहेत. ते मागणाऱ्याला विचारावं, का रे बाबा हेच, तर तो फोन काढून कुठल्याशा टोपीवाल्याचा व्हिडिओ दाखवतो. आमच्या टॅमरॅक झाडांच्या रानात झाडी इतकी दाट, की दगड मारायच्या टप्प्यातलं हरीण दिसलं तरी नशीब समजायचं. आणि यांना मैलभर सरळ जाणारी गोळी हवी. पण मी दुकानदार बाई, हवं ते देते आणि गप्प बसते. गप्प बसते हे खोटं आहे, गावात कुणालाही विचारा.

सुलो दुकानात आला की वरच्या फळ्यांकडे बघायचाही नाही. दारात बुटांवरचा बर्फ झटकायचा, मान हलवायचा आणि थेट गुडघे टेकून खालच्या फळीपाशी बसायचा. म्हातारा सापळ्यांशी बोलतोय, असं माझी गिऱ्हाइकं म्हणायची. एखादं पुडकं दिसेनासं झालं, तर वर बघून विचारायचा, "हेही गेलं का?" आणि मी हो म्हटलं की बराच वेळ तसाच बसून राहायचा. घरातलं कुणी गेल्यासारखं तोंड करायचा. मला तेव्हा हसू यायचं.

फिन लोक, म्हणजे फिनलंडहून आलेले, मुळात कमी बोलणारे, त्यातही सुलो म्हणजे कळसच. आम्ही ट्रेम्बाथ घराण्याचे लोक कॉर्नवॉलकडचे, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. आमचे आजे एकाच तांब्याच्या खाणीत उतरले, एकमेकांना शिव्या देत म्हातारे झाले. सुलोच्या तरुणपणी खाण बंद पडली होती, म्हणून तो करवतीच्या गिरणीत लागला. तिथं त्याचं काम एकच, करवतींना धार लावायची. घराएवढ्या लांबीचं पातं, त्याचा दातन् दात सारखा यायला हवा. एक दात जरा वर राहिला की पातं तुटून माणसाच्या अंगावर येतं. सुलोच्या हाताखालून गेलेलं पातं कधी तुटलं नाही, आणि गिरणीतली माणसं त्याच्या अंगठ्याची शपथ घ्यायची. पात्यावरून अंगठा फिरवून तो सांगायचा, इथं एक केस जास्त आहे. मग मोजून बघितलं तर तेवढंच निघायचं.

गिरणी बंद झाली, बायको आयली वारली, मुलगा मिनियापोलिसला गेला तो तिकडचाच झाला. सुलोनं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत बाकडं टाकलं आणि काडतुसं भरायला सुरुवात केली. उडवून झालेलं पितळी नळकांडं पुन्हा साच्यातून काढायचं, बुडाला नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि मानेत गोळी बसवायची. ज्यांच्या बापाची रायफल भिंतीवर आहे पण दुकानात तिचं काडतूस नाही, अशांना मी सुलोकडे धाडायची. त्याला मी अनाथाश्रमवाला म्हणायची. तो पैसे घेत नसे. कुणी वेलदोड्याचा निसू-पाव आणून दिला तर घ्यायचा, आणि तो बुडवायला कॉफी बशीत ओतायचा. साखरेचा खडा दातात धरून ती फुर्रकन ओढायचा. बाप गेला तरी बापाची रायफल गप्प बसता कामा नये, एवढंच तो म्हणायचा. ती गप्प बसली की तिची काठी होते.

त्याचा एक नेम होता. नव्यानं भरलेल्या काडतुसांतलं पहिलं तो स्वतः उडवायचा. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जाऊन, आपल्या खांद्याला रायफल लावून. त्यात काही वाईट व्हायचंच असेल तर ते आधी माझ्या तोंडावर होऊ दे, असं म्हणायचा. इतक्या वर्षांत वाईट काही झालं नाही, म्हणून लोकही डोळे झाकून विश्वास टाकत होते.

मग ती दोन वर्षं आली. काडतुसांचा दुष्काळ पडला. लोकांनी भीतीनं घरं भरून ठेवली आणि माझी भिंत उघडी पडली. कंपन्या जे खपतं तेवढंच बनवू लागल्या, म्हणजे सिक्स-पॉइंट-फाइव्ह आणि थ्री-ओ-एट. खालची फळी कायमची रिकामी झाली. दुसऱ्या वर्षीच्या वसंतात मी तिथं रंगाचे डबे ठेवले. सुलो आला, गुडघे टेकून बसला, डब्यांवरून हात फिरवला आणि निघून गेला. नंतर माझ्या लक्षात आलं, की डबे आहेत हे त्याला हात लावेपर्यंत कळलं नव्हतं.

त्याच वसंतात रेइनो गेला. लाकडं फोडता फोडता छातीला हात लावला आणि संपला. रेइनो म्हणजे सुलोचा मावसभाऊ आणि जन्माचा जोडीदार. दोघांनी एकाच शरदात माझ्या वडिलांकडून एकसारख्या रायफली घेतल्या होत्या, लिव्हरच्या, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस आत घ्यायच्या, थ्री-हंड्रेड सॅव्हेजच्या. सुलोनं आपली इतकी चालवली की तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची नळीतली जागा, झिजून सैल झालं होतं. रेइनो मात्र शिकारीला जायचा तो नावापुरता. रानातल्या आमच्या कॅम्पवर, म्हणजे शिकारीच्या लाकडी घरात, स्वयंपाक करायचा, पत्ते कुटायचा, जोक सांगायचा. त्याची रायफल खोक्यातून काढल्यासारखी कोरी राहिली.

आमच्या कॅम्पचा एक रिवाज आहे. कॅम्पातला माणूस गेला, की हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी त्याची रायफल त्याच्या घरच्या माणसानं कॅम्पच्या पायरीवरून एकदा उडवायची. सूर्य झाडांआड गेला की उडवायची, समोरच्या वाळूच्या दरडीत. माणूस गेल्यापासून त्या संध्याकाळपर्यंत ती रायफल दुसऱ्या कुणी उडवायची नाही, तिची काडतुसं बनवणाऱ्यानंसुद्धा नाही. तो आवाज झाला की मगच गेलेल्याचा कप उचलायचा, त्याची खाट दुसऱ्याला द्यायची. कुणी सुरू केलं देव जाणे, पण आमच्या बापांनी पाळलं, आम्हीही पाळतो.

रेइनोची मुलगी इर्या शाळेची बस चालवते. धीट, हसरी, अगदी बापावर गेलेली. ती दुकानात येऊन म्हणाली की बाबांची रायफल मी उडवणार, आणि काडतूस हवं. मी विस्कॉन्सिनच्या हद्दीपर्यंत सगळ्या दुकानांना फोन केले. कुणाकडे सॅव्हेज नव्हतं. एकानं तर विचारलं, हे अजून कुणी वापरतं का? ड्वेन म्हणून कॅम्पातला एक आहे, स्वतःला फार नव्या जमान्याचा समजणारा. तो म्हणाला, माझी क्रीडमोर घे आणि उडव, आवाज आवाजच असतो. इर्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो शेल्फवरचे खिळे चाचपायला लागला.

सुलो म्हणाला, मी बनवतो.

अडचण ही होती की त्याच्याकडची सॅव्हेजची जुनी पितळी नळकांडी थकली होती. पुन्हा पुन्हा भरून त्यांच्या मानेला चिरा पडल्या होत्या. म्हणून त्यानं थ्री-ओ-एटची नळकांडी घ्यायचं ठरवलं. ती खडीच्या खाणीत पायाखाली येतात. साच्यातून दाबून त्यांचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, खाली ढकलायचा, उंची छाटायची, की सॅव्हेज तयार होतं. पण खांद्याचं जाड पितळ मानेत येतं, म्हणून मान आतून कोरून पातळ करावी लागते, केसाएवढ्या फरकानं. ते कोरणं सगळ्यात नाजूक काम. हत्याराच्या बारीक रेघा वाचून ते लावावं लागतं.

आणि सुलोला रेघा दिसत नव्हत्या. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसत होतं, की तो कॉफी ओततो तेव्हा बशीच्या कडेवरून सांडते. ड्वेनला तो त्याच्या बापाच्या नावानं हाक मारायचा. माझ्याकडे बघायचा तो माझ्या कानाशेजारी. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. सुलोनं ती सीझननंतर ढकलली. आमच्याकडे सीझनच्या आधी कुणी काही करत नाही, लग्न नाही, ऑपरेशन नाही, मरायचं असेल तर तेही नंतर. मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, एकाच डोळ्यात जरा धूर आहे, दुसरा ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग हे पुडकं वाच. त्यानं पुडकं हातात घेतलं, उलटं धरलं, आणि खिशात टाकून गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. पण भीती कसली, ते नीट कळेना.

ऑक्टोबरात त्यानं भरलेलं पहिलं काडतूस खाणीत नेऊन उडवलं. मीच त्याला गाडीनं नेलं होतं, कारण त्यानं गाडी चालवणं सोडलं होतं. आपली जुनी रायफल खांद्याला लावली, धाड आवाज झाला, दरडीतून वाळू उडाली. सुलोनं रिकामं नळकांडं काढून त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि समाधानानं मान हलवली. ती संध्याकाळ शांत होती. परतताना रस्त्यात एक मेलेला कोल्हा पडला होता, मी गाडी वळवून घेतली, आणि सुलोनं विचारलं, का वळलीस? समोर, दिव्यांच्या उजेडात, इतका मोठा कोल्हा.

सीझनच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हातमोजे, लाल टोप्या, कंदिलाच्या वाती, सगळं एकदम सगळ्यांना हवं. त्या गर्दीत ड्वेन तेलाची बाटली घ्यायला आला. कॅम्पवरूनच आला होता. म्हणाला की इर्या सकाळीच पोचली, तिनं रायफल भरून बघितली तर लिव्हर लागत नाही, फार आखडते. त्यानं तिला सांगितलं की थंडी आहे, इतकी वर्षं पडून असलेल्या रायफलीचं तेल गोठतं, जरा जोर लाव, एकदा झाडली की सुटेल. मी पैसे मोजत होते, सहज विचारलं, रिकामी असतानाही आखडते का?

"रिकामी? छे. रिकामी लोण्यासारखी चालते. भरली की आखडते," तो म्हणाला आणि बाटली घेऊन गेला.

मी पुढच्या गिऱ्हाइकाला मोजे दिले, त्याच्या मागच्याला वाती दिल्या. मग माझे हात थांबले. तेल गोठलं असतं तर रिकामीही आखडली असती. म्हणजे दोष काडतुसात होता. मी दारापर्यंत धावले, पण ड्वेनची गाडी वळणाआड गेली होती. कॅम्पवर फोन लागत नाही, कधीच लागला नाही, आणि त्याचाच आम्हाला अभिमान.

दुकानाच्या भिंतीवर वडिलांनी काचेच्या चौकटीत प्रत्येक जातीचं एकेक काडतूस, आतली दारू काढून, लावून ठेवलं होतं. मी काच काढली आणि त्यातलं कारखान्याचं जुनं सॅव्हेज खिशात टाकलं. विकायला ठेवलेलं जाडी मोजायचं एक व्हर्नियर उचललं, लोकांना बाहेर काढून दुकान बंद केलं. माझ्या हयातीत सीझनच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान बंद झालं नव्हतं. लोक काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही.

सुलोला मी तसंही संध्याकाळी घ्यायला जाणार होते, त्याचं घर कॅम्पच्याच वाटेवर आहे. तो चांगला कोट घालून, केस विंचरून तयार बसला होता. टेबलावर निसू कापून ठेवला होता. मला बघून म्हणाला की लवकर आलीस, बस, कॉफी घे. मी म्हटलं, सॅव्हेजची काडतुसं उरलीत का? ती बाकड्यावर होती, इर्याला दिल्यावर उरलेली चारदोन. मी हात पुढे केला तर त्यानं माझं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"मोजते."

"मी मोजलंय."

"मग मी पुन्हा मोजलं तर तुझं काय जातं?"

त्यावर तो चिडला. सुलोला चिडलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. तो म्हणाला की गिरणीत इतकी वर्षं त्याच्यामागून कुणी मोजलं नाही, आणि आता ट्रेम्बाथांची पोर व्हर्नियर घेऊन आली. त्यानं कॉफी ओतायला घेतली, अर्धी बशीत, अर्धी टेबलावर. मी वाद घातला, त्यानं घातला. खिडकीबाहेर ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं आणि आम्ही दोन म्हातारी भांडत होतो. ते आठवलं की मला अजून संताप येतो, त्याचा आणि माझा.

"मी स्वतः उडवून बघितलंय, विनी. तू होतीस तिथं," तो शेवटी म्हणाला.

"कुठल्या रायफलीतून?"

"माझ्या."

तो शब्द बोलला आणि तसाच उभा राहिला. कॉफीचं भांडं हातातच होतं. मग त्यानं ते हळूच खाली ठेवलं आणि माझं मनगट सोडलं. मी जुनं सॅव्हेज व्हर्नियरमध्ये धरलं, मानेचा आकडा वाचला. मग त्याचं नवं धरलं आणि तो आकडा वाचला.

"पुन्हा वाच," सुलो म्हणाला.

मी पुन्हा वाचला. त्यानं दुसरं काडतूस माझ्या हातात दिलं, मग तिसरं. सगळ्यांची मान जाड होती. त्यातलंच एक आता माझ्या ड्रॉवरात आहे. त्यानं एकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. अंगठ्यानं त्याला काहीच सांगितलं नाही. तो कोट सरळ करून दाराकडे निघाला आणि दाराऐवजी चौकटीवर आदळला.

गाडीत तो माझ्याशी बोलला, आयुष्यात बोलला नसेल इतकं. म्हणाला, माझ्या रायफलीचं चेंबर सैल आहे, तिथं मानेला फुगायला जागा मिळाली, म्हणून काही झालं नाही. रेइनोची घट्ट आहे. तिथं मान ठासून बसते. दारू पेटल्यावर गोळी सुटायला मानेनं सैल व्हावं लागतं, ती होणारच नाही, आणि सगळा जोर मागे येईल, लिव्हरच्या बाजूला, गालाच्या बाजूला. हे तो करवतीच्या दातांबद्दल बोलायचा तसंच सपाट आवाजात सांगत होता. मी विचारलं की रेघा दिसत नव्हत्या तर सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, तू रंगाचे डबे ठेवलेस त्या दिवशी मला वाटलं, आता ही माणसं मलाही कुठंतरी ठेवून देतील.

मी गाडी हाणत होते. बर्फ नुकता पडला होता आणि रस्त्यावर त्याची पातळ साय धरली होती. वळणावर ओंडक्यांचा ट्रक आडवा आला, त्याची साखळी सुटली होती आणि ड्रायव्हर सावकाश ती बांधत होता. मी हॉर्नवर हात ठेवून बसले. तो मला हात हलवून हसला, सीझनच्या शुभेच्छा दिल्या. रिवाजात कुणासाठी थांबणं नाही. सूर्य झाडांआड गेला की गेला. सुलो सारखा विचारत होता, ऊन कुठं आहे आता? मी सांगत होते, शेंड्यावर. मग मी सांगायचं बंद केलं.

कॅम्पचा फाटा दिसायला लागला तेव्हा आवाज झाला. आमच्या रानात रायफलीचा आवाज लांबतो, दरडीवर आपटून परत येतो. हा आवाज परत आला नाही. फळी जमिनीवर पडावी तसा आला आणि तिथंच संपला. मी ॲक्सिलरेटर दाबला. सुलोनं माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू चालव आता. रस्ता निसरडा आहे," तो म्हणाला.

कॅम्पसमोर माणसं गोळा होऊन उभी होती. इर्या पायरीवर बसली होती, तिच्या तोंडावर टॉवेल होता आणि ड्वेन तिला मागून धरून होता. तिचा उजवा डोळा वाचला नाही हे आम्हाला इस्पितळात कळलं, डावा वाचला. त्या क्षणी मला फक्त टॉवेल दिसला, आणि तो पांढरा नव्हता. रायफल पायरीखाली पडली होती, दस्ता चिरलेला, बगलेचं लोखंड उघडं पडलेलं. सुलोनं माझ्या कोटाची बाही घट्ट धरली होती.

"काय दिसतंय ते सांग. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. टॉवेल, दस्ता, लोखंड, ड्वेनचे हात. मोजलेले आकडे वाचले होते तसंच एकेक करून सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला ते बोलताच आलं नसतं. सुलो ऐकत राहिला. माझा आवाज इर्याच्या कानावर गेला असावा. टॉवेल तसाच धरून तिनं मान वर केली.

"सुलोकाका आलात का?" ती म्हणाली. "बाबांची रायफल मोडली हो माझ्या हातून. लिव्हर लागत नव्हती, मी जोर केला. तुम्ही एवढं राबून बनवलंत आणि मी घाई केली."

ड्वेननं मान खाली घातली. सुलोनं माझी बाही सोडली. पाय घासत, पायानं पायरी शोधत तो पुढे गेला आणि तिच्यासमोर बर्फात गुडघे टेकून बसला. कॅम्पातली सगळी माणसं तिथंच होती, ज्यांच्या बापांच्या रायफली त्यानं बोलत्या ठेवल्या ती सगळी. चारचौघांत कधी आवाज न चढवलेला माणूस शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला.

"तुझं काही चुकलेलं नाही, पोरी. मला दिसत नाही. वसंतापासून दिसत नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही."

 इर्यानं एक हात टॉवेलवरून काढून पुढे केला, त्याला शोधायला. त्यानंही आपला हात पुढे केला. दोघांचे हात हवेत चाचपडत एकमेकांच्या शेजारून जात होते, आणि पुढे व्हायचं कुणाला सुचेना. शेवटी मीच खाली बसले आणि तिचा हात त्याच्या हातात दिला.